घरचे पीठ, गावची भट्टी

मुंबईतल्या कितीतरी शेगड्यांवर जळणारा गॅस उरणमार्गे आलेला असतो. फेब्रुवारी १९७४ मध्ये मुंबई हायला तेल सापडले, मे १९७६ मध्ये ते वर येऊ लागले आणि पुढे समुद्राखालच्या नळांतून तेल आणि वायू उरणच्या किनाऱ्याला लागले. ओएनजीसीच्या इथल्या प्रकल्पात त्यातून स्वयंपाकाचा गॅस वेगळा काढतात. या परिसराच्या पाठीशी उभा असलेला डोंगर म्हणजे द्रोणागिरी. सिडकोने त्याच नावाने वसवलेल्या नोडमधल्या काही घरांत आता नाताळच्या सुट्टीत मुले पोळपाटावर गोड पिठाची जाड पोळी लाटतात, पत्र्याच्या साच्यांनी तारे, झाडे, घंटा कापतात आणि ओट्यावरच्या छोट्या ओव्हनमध्ये भाजतात. वरून साखरेचा पाक किंवा रंगीत आयसिंग लावले की शेजारी वाटायला बिस्किटे तयार.

यावर ठरलेली दोन मते ऐकू येतात. एक म्हणते, करंज्या-शंकरपाळे टाकून हे परक्यांचे खूळ कशाला? दुसरे म्हणते, जग बदलले, मुलांना हौस आहे, करू द्या. मला दोन्ही अपुरी वाटतात, कारण भाजलेला गोड पदार्थ मराठी घरात कसा आला याचा विचार दोन्हींत नाही. तो विकतच्या पुड्यातून आला, पण त्याहून महत्त्वाच्या एका वाटेनेही आला. पीठ घरचे आणि आच दुसऱ्याची, अशी ती वाट होती. ती बंद होत चालली आहे, आणि द्रोणागिरीसारख्या अजून भरत असलेल्या नव्या गावात ती पुन्हा उघडता येईल, हे मला मांडायचे आहे.

ओव्हन हे यंत्र नवे असले, तरी खालून-वरून आच देण्याची युक्ती कोकणाला जुनीच ठाऊक आहे. जून काकडीचे धोंडस करताना काकडी किसून तिच्यात भाजलेला रवा आणि गूळ शिजवतात, पातेल्याला तुपाचा हात फिरवून मिश्रण थापतात, चुलीतली लाकडे मागे ओढून खाली नुसता विस्तव ठेवतात आणि वरच्या झाकणावर रसरशीत निखारे पसरतात. वर निखारे जास्त, खाली कमी, हा त्यातला नेम. तो चुकला की बूड करपते आणि माथा कच्चा राहतो. घड्याळ नसायचे, कडेने सुटलेला वास आणि सुरीच्या टोकाला काय लागते यावर बाईचा निवाडा चालायचा. चंद्रसेनीय कायस्थ प्रभूंचे निनाव असेच भाजले जाई, पाठारे प्रभूंचे कोळंबीचे भानोळेही तसेच. गोव्यातले बेबिंक तर वरच्या निखाऱ्यांवाचून होतच नाही, कारण त्याचा एकेक थर वरून भाजला गेल्याशिवाय पुढचा ओतता येत नाही. म्हणजे भाजण्याचे ज्ञान होते, तेही बायकांच्या हातात आणि घरच्या चुलीवर. नव्हते ते एका वेळी शंभर तुकड्यांना सारखी आच देणारे साधन.

ते साधन पश्चिम किनाऱ्यावर पोर्तुगिजांबरोबर आले. गव्हाचा पाव, विटांची घुमटाकार भट्टी आणि यीस्ट मिळत नाही म्हणून पीठ फुगवायला ताडी-माडी, ही गोव्याच्या पोदेरांची, म्हणजे पाववाल्यांची, पद्धत आजही पूर्ण विसरली गेलेली नाही. उरण हे तेव्हा बेट होते, करंजा बेट, आणि सोळाव्या शतकापासून अठराव्या शतकातल्या चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेच्या काळापर्यंत ते पोर्तुगिजांच्या ताब्यात राहिले. द्रोणागिरीवर त्यांची शिबंदी होती. पुढे ते मराठ्यांकडे आले आणि १७८२च्या सालबाईच्या तहात साष्टी आणि घारापुरीबरोबर करंजाही इंग्रजांकडे राहिले. राज्ये गेली, पण वसईपासून उरणपर्यंतच्या पट्ट्यात मराठी बोलणारा ख्रिस्ती समाज राहिला. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी त्यातल्या मंडळींनी स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ म्हणवून घेतले आणि मुंबईत आपली संघटना काढली. त्यांच्या नाताळच्या ताटात नेवऱ्या असतात, म्हणजे आपल्या करंज्याच. काट्याच्या किंवा फणीच्या पाठीवर वळलेली आणि तळलेली कलकल असते, पेरूची वडी असते, साच्यात दाबून काढलेल्या दुधा-साखरेच्या वड्या असतात. डिसेंबरात हे ताट शेजारच्या हिंदू घरी जाते आणि दिवाळीत त्या घरचे ताट इकडे येते. या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. म्हणून नाताळचा पदार्थ मराठी घराला सर्वस्वी परका, असे या किनाऱ्यावर उभे राहून तरी कुणी म्हणू नये.

आकार कापण्याचेही तेच. युरोपात न्यूरेंबर्गच्या मसालेदार लेबकुखनला आणि डच स्पेक्युलासला कोरीव लाकडी साचे होते. जर्मन वसाहतवाल्यांबरोबर आकार कापायची रीत अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाकडे गेली. एकोणिसाव्या शतकात साखर स्वस्त झाली, लोखंडी बंद चूल घरोघर आली आणि पत्र्याचे साचे बाजारात मिळू लागले, तेव्हा साखरेचे कापलेले बिस्किट हे आईने मुलांना घेऊन करायचे काम झाले. आपल्याकडे पाडव्याच्या गाठी लाकडी साच्यात ओतल्या जातात, खानदेशात होळीला साखरेचे हारकडे होतात, आणि पितळी कातण तर घरोघर आहे. करंजीची कड कातणाने फिरवून घेतली की उरलेल्या पट्टीचे मूल स्वतःचे शंकरपाळे कापते. दिवाळीच्या कामात लहान हातांना मिळणारा तो पहिला मान. साचा हातात घेतलेल्या द्रोणागिरीतल्या मुलाला मिळतो तो आनंद याहून वेगळा नाही.

मग इतकी वर्षे अडले कुठे? दोन ठिकाणी. एक अडचण मनातली होती आणि तिची नोंद आपल्या इतिहासात लख्ख आहे. १४ ऑक्टोबर १८९० रोजी पुण्यात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यान झाले. ते संपल्यावर पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटे आली. न्यायमूर्ती रानडे आणि टिळक दोघेही हजर होते. कुणी चहा घेतला, कुणी मान राखण्यापुरता पेला हातात धरून बाजूला ठेवला. डॉ. आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी ही बैठक जुळवून आणली होती. हजर असलेल्यांची नावे ‘पुणेवैभव’ पत्रात छापून आली आणि पुण्यात ग्रामण्य माजले. बहिष्काराची भाषा सुरू झाली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले, रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले आणि त्यावरून सुधारकांचेच बोल ऐकून घेतले. रमाबाई रानड्यांनी आपल्या आठवणींत हा प्रसंग सांगितला आहे. घरातल्या बायकांना, मुलीबाळींच्या लग्नांना, श्राद्धाला ब्राह्मण मिळण्याला त्या एका संध्याकाळची झळ कशी पोचत होती, हे त्या काळाच्या लिखाणातून कळते.

या प्रकरणाकडे बहुधा टिळक-रानड्यांच्या चरित्रातला एक प्रसंग म्हणून पाहिले जाते. मला त्यातले बिस्किट महत्त्वाचे वाटते. चहा उकळताना तरी दिसतो; बिस्किट कुणी मळले, कुणी लाटले, कुठल्या भट्टीत भाजले, त्यात चरबी कशाची, अंडे आहे की नाही, हे खाणाऱ्याला काही कळत नाही. विहिरीत पाव टाकला आणि गाव बाटला, या किनाऱ्यावरच्या कथांमागेही हीच भीती होती. तिचा फायदा घेऊन धंदाही झाला. उत्तरेत हिंदू बिस्किट कंपनी निघाली आणि कुणाच्या हाताने बिस्किटे होतात हीच तिची जाहिरात होती. भट्टी दुसऱ्याची चालेल का, हा प्रश्न जातीचा होता, चवीचा नव्हताच.

दुसरी अडचण साखरेची. गुळाचे पीठ ओल धरून ठेवते. त्याचे घारगे उत्तम होतात, पण कापलेली कड धारदार राहून भाजल्यावर कुरकुरीत व्हायला पिठीसाखर लागते. एकोणिसाव्या शतकात आपल्या बाजारात मॉरिशसहून येणारी ‘मोरस’ साखर चालायची. १९०५ नंतरच्या स्वदेशीच्या लाटेत विलायती कापडाबरोबर परदेशी साखरेवरही बहिष्कार आला. ती हाडांच्या कोळशाने शुद्ध करतात, हा मुद्दा तेव्हा सभांतून घरोघर पोचला. १९३२च्या कायद्याने देशी साखर उद्योगाला संरक्षण मिळाले, आणि विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणीला प्रवरेच्या सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम १९५० मध्ये निघाला. मधल्या युद्धकाळात, १९४३ पासून मुंबईत शिधापत्रिकेवर मोजून साखर मिळे. दिवाळीची जादा साखर कधी येणार ही चौकशी पुढेही कित्येक वर्षे रेशनच्या दुकानासमोर होत राहिली. २०२२च्या दिवाळीत सरकारने शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर पामतेल असा ‘आनंदाचा शिधा’ दिला. महाराष्ट्रात सणाची गोडी आजही काही प्रमाणात सरकारी निर्णयावर अवलंबून आहे.

साखरेची अडचण कारखान्यांनी हलकी केली; मनातली अडचण जिने सोडवली ती गावची बेकरी. ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगायला नको, पण द्रोणागिरीतल्या ज्या आई-वडिलांचा जन्मच नव्वदीनंतरचा त्यांच्यासाठी लिहितो. दिवाळीच्या आधीचा पंधरवडा आणि मे महिन्याची सुट्टी हे नानकटाईचे दिवस. मैदा, थोडा रवा किंवा बेसन, दळून आणलेली पिठीसाखर, वेलची आणि तूप किंवा १९३७ पासून मिळू लागलेला डालडा, असे सगळे डब्यांत भरून बेकरीत न्यायचे. काही ठिकाणी घरीच फेसून-मळून पीठ न्यायचे, काही ठिकाणी बेकरीवाला फेसून द्यायचा. तूप आणि साखर हाताच्या तळव्याने परातीत इतकी फेसायची, की पांढरी शुभ्र होऊन पाण्यात टाकलेला थेंब तरंगला पाहिजे. मग गोळे वळायचे, अंगठ्याने मध्ये खळगा, त्यात चारोळी. काळ्या पडलेल्या पत्र्यांवर ते ओळीने मांडायचे आणि आपल्या पत्र्याला चिठ्ठी लावून रांगेत बसायचे. पहाटेचा पाव निघून गेल्यावर भट्टीची धग ओसरायला लागते. त्या ओसरत्या धगीतच बिस्किट चांगले होते, म्हणून नंबर दुपारी नाहीतर रात्री उशिरा लागे. बेकरीवाला लांब दांड्याच्या लाकडी फळीने पत्रे आत सरकवी, मध्येच एक ओढून तळ पाही, जागा बदलून पुन्हा आत ढकली. भाजणावळ किलोवर ठरलेली. गरम पत्रा समोर आला की पहिली नानकटाई मोडून तिथेच मुलांच्या हातावर पडे, आणि तिचा भुगा होई, कारण निवल्याशिवाय ती घट्ट होत नाही.

या भट्ट्या कुणाच्या होत्या? मुंबई-पुण्यात पुष्कळशा इराण्यांच्या, किनाऱ्यावर आणि गावोगाव मुसलमानांच्या, गोव्याकडून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या. नानकटाई स्वतः सुरतेकडची. डचांच्या बेकरीपासून पारशी बेकरीवाल्यांपर्यंत तिची कुळकथा सांगितली जाते. पुण्याच्या कयानी बेकरीची, म्हणजे १९५५ पासूनची, श्रूजबेरी बिस्किटे इंग्रजी नावाची आणि इराणी हाताची. पुणेकर ती गावाला जाताना आपली म्हणून घेऊन जातात. १८९० मध्ये मिशनच्या टेबलावरच्या बिस्किटापायी ज्या समाजात बहिष्काराची भाषा झाली, त्याच समाजातल्या नाती-पणतींनी साठ-सत्तर वर्षांत लक्ष्मीपूजनाच्या फराळातली नानकटाई मुसलमान बेकरीवाल्याच्या भट्टीत भाजून आणली. कायदा झाला नाही, परिषद भरली नाही. आपण नेलेले जिन्नस, आपल्या डोळ्यांसमोरची भट्टी आणि ओळखीचा माणूस, एवढ्यावर ते झाले. रांगेत वाण्याची सून, शाळामास्तरांची बायको आणि कोळीवाड्यातली मुलगी एकाच बाकावर बसल्या. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात या बाकावर कुणी चार पाने लिहिलेली माझ्या वाचनात नाहीत, याचे मला वाईट वाटते.

मग घरची आच बदलत गेली. १९५५ मध्ये मुंबईत बर्मा शेलचा ‘बर्शेन’ गॅस आला, स्टोव्ह हळूहळू मागे पडला. १९७० मध्ये कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ निघाले आणि वाटी-चमच्याच्या मापाने मुली एकट्याने पदार्थ करू लागल्या. काचेची खिडकी असलेला ॲल्युमिनियमचा गोल ओव्हन मध्यमवर्गीय घरात रुखवतात मांडला जाई आणि वर्षातून चार वेळा निघे. आता ओटीजी, मायक्रोवेव्ह. घरातच भाजता येऊ लागले ही सोय मोठी आहे, तिला नावे ठेवणार नाही. पण ज्याच्याकडे ओव्हन त्याच्याकडेच बिस्किट, असा भाग पडला.

उरणच्या बाबतीत हा भाग जास्त बोचतो, कारण ही भूमी कशी बदलली ते ताजे आहे. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, भातशेती आणि मिठागरे संपादनात गेली. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या शेतकरी आंदोलनात दास्तान फाटा आणि नवघरला गोळीबार झाला आणि पाच जणांनी प्राण गमावले. त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना आली. द्रोणागिरीतल्या कितीतरी इमारती त्याच भूखंडांवर आहेत. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू आणि खारकोपर-उरण लोकल एकाच दिवशी सुरू झाली आणि द्रोणागिरी नावाचे स्टेशन झाले. बोकडविरा, फुंडे, पागोटे, नवघर या गावांच्या मधोमध आता सात-सात मजले उभे आहेत. वर राहणाऱ्या नोकरदार घरात ओटीजी आहे. खाली रखवालदाराच्या, कंटेनर यार्डात काम करणाऱ्याच्या खोलीत नाही. सुट्टी दोन्ही घरांतल्या मुलांना असते.

टाळेबंदीच्या २०२० साली लोकांनी यावर स्वतःच एक उपाय काढला आणि तो मला फार मोलाचा वाटतो. कुकरची रिंग आणि शिट्टी काढायची, तळाला जाड मीठ पसरायचे, त्यावर स्टँड, झाकण लावून दहा मिनिटे मंद आचेवर तापवायचे आणि मग ताटलीत मांडलेली बिस्किटे आत ठेवायची. मीठ तळाची धग एकदम वर येऊ देत नाही, सगळीकडे सारखी पसरवते. वरून निखारे नसतात, म्हणून माथ्याला रंग कमी चढतो, पण बिस्किट होते. पिढ्यानपिढ्या मीठ पिकवलेल्या या तालुक्यात ही युक्ती शिकवावी लागू नये. एका खेपेला सात-आठ तुकडे निघतात, वाडीभर मुले असतील तर रात्र होते, एवढाच तिचा तोटा.

या कापलेल्या बिस्किटाचे तंत्र नानकटाईपेक्षा थोडे वेगळे आहे आणि समुद्रकाठच्या दमट हवेत ते समजून घ्यावे लागते. नानकटाई पसरते, तिला भेगा पडतात आणि त्याच तिची शोभा. कापलेल्या ताऱ्याला मात्र पाच टोके तशीच राहायला हवी. म्हणून त्यात सोडा जवळजवळ नसतो. साखर एक भाग, लोणी दोन, मैदा तीन, हे जर्मन घरांतले वजनी प्रमाण आपल्या हातालाही बसते. बाजारच्या लोण्यात सुमारे सोळा टक्के पाणी असते, तुपात ते नसते. म्हणून तूप घातले तर पीठ खुसखुशीत होते पण लाटताना फाटते, आणि चमचा-दोन चमचे दूध शिंपडून ते जोडावे लागते. लोणी तिशीच्या वरच्या तापमानात वितळायला लागते. उरणला डिसेंबरच्या दुपारीही ओटा तेवढा गरम असतो. मळलेला गोळा अर्धा तास फ्रीजमध्ये, लाटलेली पोळी पुन्हा दहा मिनिटे, मग साचा. पोळी शंकरपाळ्याएवढी जाड, सुमारे पाच मिलिमीटर. १७५ अंशांवर दहा-बारा मिनिटे, कड नुसती सोनेरी दिसली की बाहेर. उरलेल्या कातरणांचा गोळा एकदाच पुन्हा लाटावा. दुसऱ्यांदा लाटला की मैदा चिवट होतो. साचा नसेल तर ग्लासची कड, डबीचे झाकण आणि करंजीचे कातण पुरते. होडी हवी असेल तर सुरीने कापावी लागते, आणि करंजाच्या कोळीवाड्यातल्या मुलाला शिडाचा कोन कुणी शिकवायची गरज नाही.

आता मुद्द्याचे. पिठाची गिरणी टिकली. दारात पॅकबंद पीठ येत असूनही द्रोणागिरीसारख्या वस्तीत गहू दळून आणणारी घरे आहेत, कारण जिन्नस आपला, यंत्र गावचे, दळणावळ किलोवर, हा व्यवहार आपल्या हाडीमांसी मुरलेला आहे. भट्टीचा व्यवहार अगदी हाच होता. तो मोडला कारण बेकऱ्यांना पुड्याच्या मालाशी झुंजावे लागले, जागांचे भाव चढले, लाकूड महागले. मुंबईत जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या भट्ट्यांना स्वच्छ इंधनाकडे वळण्यासाठी सहा महिन्यांची मुदत दिली. हवेची स्थिती पाहता तो निर्णय योग्यच आहे. पण जुनी भट्टी विझते तेव्हा तिच्याजवळचा बाकही उचलला जातो, आणि नव्या नोडमध्ये तर तो मांडलाच गेलेला नाही. सिडकोच्या आराखड्यात शाळा, मंडई, समाजमंदिर, खेळाचे मैदान यांना भूखंड असतात. सामाईक आचेला नसतो.

समाजमंदिराच्या एका खोलीत विजेवर किंवा नळाच्या गॅसवर चालणारी दोन कप्प्यांची भट्टी, एक ओटा, पाण्याची सोय आणि पत्र्यांची मांडणी, एवढ्याने काम सुरू होते. चालवायला महिला बचत गट आहेत. १९७५ पासून काम करणारे महिला आर्थिक विकास महामंडळ अशा गटांना उभे करते. भाजणावळ किलोवर ठरवावी. वर्षभर त्याच भट्टीत गटाने आपला विक्रीचा माल काढावा आणि सुट्ट्यांत ती घरोघरच्या डब्यांना मोकळी ठेवावी.

हरकती येणार आणि त्यांतली एक १८९०चीच असेल. अंड्याचे बिस्किट आणि बिनअंड्याचे एका भट्टीत कसे? मागे घरोघरीचे जिन्नस चिठ्ठ्यांनी वेगळे राखून हा प्रश्न सुटला होता, आताही वेगळे पत्रे, वेगळा कप्पा ठेवता येतो. पण ज्या सोसायट्यांत कोण काय शिजवतो यावरून भाडेकरू नाकारले जातात, तिथे पत्रे वेगळे करूनही कुरबूर होईल. ती होऊ द्यावी, मात्र तिला भिऊन भट्टी एका गटाची करू नये. बाकावर सगळे बसणार नसतील तर ओटीजी काय वाईट? दुसरी हरकत आरोग्याची: साखर, मैदा, लोणी मुलांना कशाला? वर्षातून दोन-तीनदा स्वतः मळून, कापून, वाट पाहून खाल्लेल्या चार तुकड्यांची काळजी करण्याआधी शाळेच्या डब्यात रोज जाणाऱ्या पुड्याकडे पाहावे. तिसरी हरकत संस्कृतीची, तिला वर उत्तर दिले आहे. इतकेच जोडतो, की नारळी पौर्णिमेच्या ओल्या नारळाच्या करंज्या तळायच्याच आहेत, त्यांना ओव्हनचा धोका नाही. त्यांना धोका आहे तो घरी कुणी करायलाच उरले नाही तर.

दिवाळीपूर्वीचे पंधरा दिवस नानकटाईला, डिसेंबरचा शेवटचा आठवडा नाताळच्या कापलेल्या बिस्किटांना, ईदच्या आधीचे चार दिवस ज्यांना हवे त्यांना, आणि मे महिना मुलांना, असे वेळापत्रक पहिल्याच वर्षी लावता येईल. द्रोणागिरीत भूखंड अजून वाटले जात आहेत, समाजमंदिरे अजून बांधली जात आहेत. भिंती उभ्या राहिल्यावर विजेचा जादा भार आणि धुराचा मार्ग काढणे अवघड असते, म्हणून पुढच्या समाजमंदिराच्या नकाशातच त्या खोलीची आखणी व्हावी.